धुक्यातला रस्ता आणि दुसरा माणूस



या मांडवात संतवाङ्मयावर बोलणारे येतात, शेतीवर बोलणारे येतात, इतिहासावर बोलणारे तर येतातच. आज आम्ही मोटारींच्या शर्यतीवर बोलणार, तीही रात्रीच्या, जंगलातल्या, धुक्यातल्या, हे फलकावर वाचून काही मंडळींनी आम्हांला वाटेतच विचारले, की युनियनच्या माणसाला हे कोठले डोहाळे लागले? हा पैसेवाल्यांचा खेळ आहे, यात शंका नाही. एका मोटारीच्या टायरांवर जेवढा पैसा एका रात्रीत झिजतो तेवढ्यात आपल्याकडच्या विडी वळणाऱ्या बाईचे घर कितीतरी महिने चालेल. पण खेळ श्रीमंतांचा असला म्हणून त्यातले ज्ञानही त्यांच्याच मालकीचे होते असे आम्ही मानीत नाही. आणि रात्री मोटार हाकणे हा विषय शहापूरला परका कसा असेल? गुजरातेतून कलकत्त्याकडे जाणारा हमरस्ता आपल्या गावावरून जातो. पूर्वी त्याचा नंबर ६ होता, आता ५३ आहे. नंबर बदलला, पण पौष-माघात पहाटे त्यावर उतरणारे धुके काही बदलले नाही.

प्रथम हा खेळ काय आहे ते सांगितले पाहिजे. रॅली म्हणजे गोल रिंगणात घिरट्या घालणे नव्हे. मोटारी एकामागून एक, मिनिटा-दोन मिनिटांच्या अंतराने सुटतात. प्रत्येकीची झुंज घड्याळाशी असते. माँटे कार्लोची प्रसिद्ध रॅली १९११ साली सुरू झाली, तेव्हा युरोपच्या निरनिराळ्या शहरांतून निघून ठरलेल्या जागी पोचणे एवढाच मामला होता. पुढे दोन वाटा फुटल्या. एक वेळ पाळण्याची. हिच्यात रस्ता चालू असतो, वाहतुकीचे सर्व कायदे लागू असतात, आणि अमुक टप्पा ताशी अमुक मैलांनी काटा असे सांगितलेले असते. समजा १२ किलोमीटरचा टप्पा आहे आणि ताशी ३६ चा वेग नेमून दिला आहे, तर बरोबर २० मिनिटांनी चौकीवर हजर व्हायचे. एकविसाव्या मिनिटाला आलात तर दंड, आणि एकोणिसाव्याला आलात तरी दंड! कित्येक स्पर्धांत तर उशिरापेक्षा लवकर येण्याला जास्त दंड असतो. हे वाचले तेव्हा आम्हांला फार मौज वाटली. मालमोटार चार तास आधी पोचवली तर ड्रायव्हरच्या हातावर बक्षीस ठेवणारे जग आम्ही पाहिले आहे. लवकर आल्याबद्दल दंड करणारे जग प्रथमच पाहिले.

दुसरी वाट निव्वळ वेगाची. हिच्यासाठी रस्त्याचा एक तुकडा इतर सर्वांना बंद करतात आणि तो कमीत कमी वेळात कोण काटतो ते पाहतात. बंद करायला सोपा रस्ता कोठे मिळणार? जंगलात. इंग्लंडातल्या मोठ्या रॅलीने १९६० साली स्कॉटलंडातल्या एका जंगलरस्त्यावर असा तुकडा घेऊन पाहिला, आणि १९६१ पासून सरकारी वनखात्याचे रस्तेच तिला खुले झाले. ओंडके वाहण्यासाठी केलेले हे कच्चे रस्ते, आपल्याकडच्या मुरमाच्या रस्त्यांचे भाऊबंद. त्या सुमारास ही रॅली एरिक कार्लसन नावाच्या स्वीडिश गड्याने १९६०, ६१ आणि ६२ अशी लागोपाठ तीनदा जिंकली, आणि तीही साब कंपनीच्या लहानशा मोटारीत.

मुरमावर मोटार डांबरासारखी चालत नाही. चाके धरत नाहीत, घसरतात. म्हणून वळण आल्यावर सुकाणू फिरवून भागत नाही; वळणाच्या आधीच मोटारीचे तोंड तिकडे झुकवून तिला घसरत आत न्यावे लागते. जो पहिला जातो त्याच्या नशिबी सुटी खडी. त्याच्या चाकांनी रस्ता झाडला जातो आणि मागच्यांना टणक जमीन मिळते. सगळ्यांत पुढे असण्याची ही शिक्षा.

यात रात्र मिसळा, आणि रात्रीत धुके. धुके म्हणजे हवेत टांगलेले पाण्याचे बारीक कण. दिव्याचा प्रकाश त्यांच्यावर पडतो आणि उलटून आपल्याच डोळ्यांत येतो. म्हणून मोठा झोत टाकला की दिसायचे तेवढेही दिसेनासे होते. दिवा खाली, जमिनीलगत असावा लागतो. दुसरी गोष्ट अशी, की आपण किती वेगात आहोत हे आपल्याला बाजूची झाडे, दगड, खांब मागे पळताना पाहून कळते. त्या कडाच पुसल्या गेल्या की वेगाचा अंदाज हरपतो. आपल्या हमरस्त्यावरचे जुने ड्रायव्हर हे शास्त्र न वाचताच सांगतात. 'धुक्यात गाडी उभी असल्यासारखी वाटते,' असे आम्हांला त्यांतल्या एकाने सांगितले होते. 'काट्याकडं बघितलं तेव्हा साठ होता.'

आता पोर्तुगालातली एक रात्र सांगतो. १९८० सालची गोष्ट. अर्गानिल नावाच्या डोंगराळ मुलखात चाळीसएक किलोमीटरचा कच्च्या रस्त्याचा टप्पा होता, आणि त्यावर दाट धुके उतरले. भलेभले ड्रायव्हर चाचपडत निघाले. वाल्टर रोर्ल हा जर्मन ड्रायव्हर मात्र फियाट मोटारीत सुटला आणि त्या एका टप्प्यात त्याने इतरांवर चार मिनिटांहून अधिक आघाडी घेतली. जेथे सेकंदासेकंदाने जय-पराजय ठरतात तेथे चार मिनिटे म्हणजे चेष्टा वाटावी. त्याला धुक्यातून दिसत होते काय? मुळीच नाही. त्याने आदल्या रात्री डोळे मिटून तो सबंध रस्ता वळणावळणाने मनात घोकला होता, आणि शेजारी ख्रिश्चन गाइस्टडोर्फर हा त्याचा जोडीदार टिपण वाचीत बसला होता. त्या वर्षीचे जगज्जेतेपद रोर्लने मिळवले. आम्हांला त्याच्या वेगापेक्षा ते टिपण आणि तो शेजारचा माणूस अधिक मोलाचे वाटतात.

रॅलीच्या मोटारीत नेहमी दोघे असतात. एक हाकतो, एक वाचतो. आधी ते दोघे तोच रस्ता सावकाश फिरून येतात आणि प्रत्येक वळण वहीत उतरवतात: इतक्या अंतरावर डावे, किती कडक, पुढे उंचवटा, पलीकडे दरड. स्पर्धेच्या वेळी दुसरा माणूस ते नेमक्या क्षणी वाचून दाखवतो. क्षणभर आधी वाचले तर पहिल्याला विसर पडतो, क्षणभर नंतर वाचले तर दोघेही दरीत. या विद्येचा गाजलेला आरंभ १९५५ साली इटलीतल्या हजार मैलांच्या शर्यतीत झाला. स्टर्लिंग मॉस हाकत होता आणि डेनिस जेंकिन्सन हा दाढीवाला पत्रकार शेजारी बसून सुमारे १८ फूट लांबीची कागदाची गुंडाळी एका डबीतून फिरवीत होता. इंजिनाच्या आवाजात बोलणे ऐकू येईना, म्हणून त्याने हातांच्या खुणा ठरवून घेतल्या होत्या. दहा तास सात मिनिटांत त्यांनी ती शर्यत मारली. जेंकिन्सनने हात केला की पुढचे न दिसणारे वळण मॉस त्याच्या भरवशावर घेई. असा भरवसा एका दिवसात बसत नाही.

आपल्या लोकांनीही या खेळात नाव काढले आहे. आफ्रिकेतली सफारी रॅली केनियातल्या जोगिंदरसिंगांनी १९६५, १९७४ आणि १९७६ साली, आणि युगांडात जन्मलेल्या शेखर मेहतांनी १९७३ साली व पुढे १९७९ ते १९८२ अशी सलग चारदा जिंकली. १९८० पासूनच्या दशकात मुंबईच्या नझीर हुसेन यांनी हिमालयन रॅली भरवली. महाराष्ट्रात नाशिकच्या आसपास राष्ट्रीय मालिकेतली रॅली झाली, पुण्याचे संजय टकले परदेशांतल्या रॅलींत उतरले. दिल्लीच्या गौरव गिल यांनी २०१३, २०१६ आणि २०१७ साली आशिया-पॅसिफिकचे अजिंक्यपद मिळवले आणि २०१९ साली या खेळातला पहिला अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्या शेजारी कोण बसत होते, असे या मांडवात विचारले तर किती हात वर होतील? देशातल्या कित्येक स्पर्धांत त्यांच्या शेजारी केरळातल्या कासारगोडचे मुसा शरीफ होते.

आणि एक प्रकार तर फारच सुंदर आहे. आपल्या देशातल्या अनेक शहरांत अंध वाटाड्यांची रॅली भरते. रस्त्याचा तक्ता ब्रेल लिपीत असतो. डोळस माणूस हाकतो आणि न पाहणारा माणूस बोटांनी वाचून सांगतो, की आता उजवीकडे, आता इतका वेग. अंधारात आणि धुक्यात हा वाटाड्या आपल्या सर्वांच्या बरोबरीचा, किंबहुना काकणभर सरसच.

मित्रहो, आता हमरस्त्यावर येऊ. मालमोटारीत शेजारी बसणारा जो क्लीनर, तो या वाटाड्याचाच गरीब भाऊ आहे. मागे घेताना बाजूवर थाप मारून सांगणारा तो, ड्रायव्हरच्या पापण्या जड झाल्या की बोलत राहणारा तो, आणि धुके अगदीच दाटले की बॅटरी घेऊन पुढे पायी चालणारा तोच. त्याला वही कोणी दिली नाही, पण कोणत्या मोरीपुढे खड्डा आहे आणि कोणत्या वळणावर म्हशी बसतात हे त्याला पाठ असते. आज रात्री आपण रस्त्याकडेला उभे राहून पाहा, किती गाड्यांत दुसरे माणूस दिसते. भाड्यात भागत नाही म्हटले की पहिली कात्री त्याच्यावर चालते.

कायद्याने यात काय केले तेही ऐकावे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली, आणि पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली. संसदेने २०२० साली केलेल्या कामगार संहितेत तो कायदा विलीन झाला. राष्ट्रीय परवान्याच्या मालमोटारीवर दोन ड्रायव्हर असावेत, असे मोटार वाहन नियमांत होते. ही अट २०१८ साली काढून टाकण्यात आली. ती पाळली जात नव्हती, असे म्हणणारे खोटे बोलत नाहीत. पण कागदावर असलेल्या नियमासाठी भांडता येते. पुसून टाकलेल्या नियमासाठी भांडायला प्रथम तो पुन्हा लिहून घ्यावा लागतो, हे संघटनेत काम केलेल्या कोणासही ठाऊक आहे. रॅलीत शेजारचा माणूस उतरला तर मोटार पुढे जाऊ शकत नाही. खेळण्यासाठी दोन माणसे सक्तीची, आणि पोटासाठी वीस-तीस टन माल घेऊन रात्रभर चालायला एक पुरे, हा हिशेब आम्हांला उमगलेला नाही.

या खेळाची दुसरी बाजू झाकून ठेवण्याचा आमचा विचार नाही. वर म्हटले, की रस्ता इतरांना बंद करतात. पण कोणाला सांगून बंद करतात? १९६८ साली लंडनहून सिडनीकडे एक प्रचंड रॅली निघाली. २४ नोव्हेंबरला ९८ मोटारी सुटल्या, अफगाणिस्तान ओलांडून दिल्लीमार्गे मुंबईला आल्या, आणि तेथे उरलेल्या ७२ मोटारी 'चुसान' या बोटीवर चढवण्यात आल्या. ऑस्ट्रेलियात शेवटचे शंभरएक मैल राहिले असता लुसियाँ बियांची याची मोटार सर्वांच्या पुढे होती. जो रस्ता बंद असायला हवा होता त्याच रस्त्यावर समोरून एक लहान मोटार आली, टक्कर झाली, बियांची जबर जखमी झाला आणि अँड्रयू कोवन जिंकला. हे झाले तिकडचे. २०१९ च्या सप्टेंबरात राजस्थानातल्या बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅलीच्या बंद रस्त्यावर एक मोटारसायकल आली आणि एकाच कुटुंबातली तीन माणसे ठार झाली. दोष कोणाचा, हा निवाडा आम्ही येथे बसून करणार नाही. आमचे म्हणणे एवढेच, की जो रस्ता चालकांच्या नकाशावर 'टप्पा क्रमांक अमुक' असतो तो गावकऱ्याच्या लेखी शेताचा, दवाखान्याचा, सोयऱ्याच्या गावाचा रस्ता असतो. दोरी बांधणे आणि शिट्टी फुंकणे म्हणजे त्याला सांगणे नव्हे. दवंडी चार दिवस आधी, घरोघर, त्याच्या बोलीत झाली पाहिजे, आणि त्याने 'नको' म्हटले तर ते ऐकले गेले पाहिजे.

कोणी विचारील, आपल्याकडे नागझिऱ्याच्या, कोक्याच्या रानात अशी रॅली का होऊ नये? रस्ते मुरमाचे आहेत, धुकेही फुकट आहे. ती तेथे होऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ती रात्र वाघाची आणि अस्वलाची आहे. साकोलीजवळ मोहघाट्याच्या जंगलातून हमरस्ता जातो तेवढीच त्यांना पुरेशी अडचण आहे.

शेवटी एक गोष्ट सांगायची राहिली. खरे तर तिच्यामुळेच आम्ही या विषयाच्या नादी लागलो. १९८६ च्या मार्चमध्ये पोर्तुगालच्याच रॅलीत सिंत्राजवळ एक मोटार रस्त्यावर दाटलेल्या गर्दीत घुसली. तिघे मेले, तिसाहून अधिक जखमी झाले. त्या काळच्या मोटारी भयंकर शक्तीच्या होत्या आणि लोक त्यांना हात लावण्याच्या पैजा मारीत. त्याच दिवशी एस्तोरिलच्या हॉटेलात मोठमोठ्या कंपन्यांचे ड्रायव्हर एकत्र बसले. एरवी हे एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी. त्यांनी एक निवेदन लिहिले, त्यावर सह्या केल्या आणि पुढे मोटारी हाकायला नकार दिला. लक्षाधीश माणसे होती, पण त्यांनी जे केले त्याला आमच्या भाषेत संप म्हणतात. रॅली उरलेल्या मोटारींवर पुरी करण्यात आली आणि मोतिन्यू हा स्थानिक पोर्तुगीज ड्रायव्हर जिंकला. दोन महिन्यांनी, २ मे रोजी, कॉर्सिकात हेन्री तोइवोनेन आणि त्याचा जोडीदार सर्जिओ क्रेस्टो मोटारीसह दरीत कोसळून जळून गेले. मग मात्र नियामक मंडळाला जाग आली, आणि १९८७ पासून त्या वर्गाच्या मोटारी जागतिक मालिकेतून बंद झाल्या. ड्रायव्हरांनी मार्चमध्ये सही केली होती. मंडळाला आणखी दोन माणसे लागली.

आपल्या हमरस्त्यापुरते एक निवेदन आम्हीही तयार केले आहे. धुके दाटलेल्या पहाटे मालमोटारी थांबवता येतील अशी दिवे, पाणी आणि पहारा असलेली जागा भंडारा आणि मौदा यांच्या दरम्यान असावी, थांबलेल्या वेळाबद्दल ड्रायव्हरचा पैसा कापला जाऊ नये, आणि रात्रीच्या लांब पल्ल्याच्या गाडीवर दुसरा माणूस असावा, अशा तीन मागण्या त्यात आहेत. कागद दाराशी मेजावर ठेवला आहे, पेनही आहे. ज्यांच्या घरचे कोणी रात्री रस्त्यावर असते त्यांनी आधी वाचावा. काही कमीअधिक वाटले तर समासात लिहावे.