नळींतून येणारा बाजार

सातारा जिल्ह्यांत कऱ्हाडजवळ टेंभू येथें कृष्णेचें पाणी उचलून सांगलीच्या दुष्काळी माळांकडे नेलें जातें. पुढें शेताच्या बांधापर्यंत तें पोहोंचतें बहुधा पी. व्ही. सी.च्या नळींतून. या पदार्थाचें सुमारें 57 टक्के वजन मिठापासून काढलेल्या क्लोरीनचें. उरलेलें खनिज तेलांतून वा वायूंतून येतें. चीन मात्र बहुतांशी दगडी कोळसाच वापरतो!

भारतास लागणारी निम्म्याहून अधिक राळ परदेशांतून आलेली आहे. 2021 नंतर चीनमधील घरबांधणी मंदावली, तेव्हां तिकडील शिल्लक माल स्वस्तांत आपल्या बंदरीं उतरूं लागला. देशी कारखानदारांनीं जादा आयातकर मागितला. त्यांची अडचण खरी. परंतु तो कर अखेर तासगांवच्या द्राक्षबागाइतदाराच्याच नळीवर बसणार, हें सरकारनें आधीं पाहावें, असें मला वाटतें.