घर भाड्याचे, गळती कुणाची?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण, थोडे संपादित करून)



समितीने मला बोलायला सांगितले तेव्हा त्यांची कल्पना अशी होती की मी ठेवी, नॉमिनेशन, लॉकर असे काहीतरी बोलेन. बँकेत उभा जन्म घालवलेल्या माणसाकडून दुसरे काय अपेक्षिणार! पण मी विषय दिला तो असा : घरमालक दुरुस्ती करायला चालढकल करत असेल तर भाडेकरूने काय करावे? सेक्रेटरी म्हणाले, "काका, इथे तर आपण सगळे मालक. भाडेकरूंचा विषय इथे कशाला?"

त्याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे, आपल्यापैकी बरेच जण पेठांतल्या वाड्यांतून, चाळींतून इथे आलो. कुणाची आई, कुणाचा भाऊ, कुणाचे सासरे अजूनही जुन्या भाड्याच्या खोल्यांत राहतात. दुसरे असे की आज आपल्याच सोसायटीत कितीतरी फ्लॅट भाड्याने दिलेले आहेत. म्हणजे पंचवीस वर्षांत आपण टेबलाच्या या बाजूचे त्या बाजूला जाऊन बसलो. तेव्हा दोन्ही बाजूंचे नियम आपल्याला ठाऊक हवेत.

आधी जुन्या भाडेकरूंचे बघू. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चालतो. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याचे कलम १४ फक्त दुरुस्तीबद्दल आहे. भाडेकरूने उलट काही कबूल केलेले नसेल तर जागा चांगल्या आणि राहण्याजोग्या स्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे, असे हे कलम सांगते. म्हणजे छप्पर गळते, जिन्याची फळी मोडली, संडासाची नळी फुटली, तर "बघू, करू, पाऊस जाऊ दे" हे मालकाचे उत्तर कायद्याला मान्य नाही.

पण नुसते कर्तव्य सांगून काय होते? पुढचे पोटकलम जास्त महत्त्वाचे आहे. भाडेकरूने मालकाला किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची. त्यानंतर वाजवी मुदतीत मालकाने काम केले नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून घेऊ शकतो आणि तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो किंवा मालकाकडून वसूल करू शकतो. एकट्याने नोटीस द्या किंवा वाड्यातल्या सगळ्यांनी मिळून द्या, दोन्ही चालते. आणि आम्हा बँकवाल्यांना आवडणारी गोष्ट म्हणजे, भाडेकरूने ठेवलेला हिशेब आणि पावत्या हा त्या खर्चाचा निर्णायक पुरावा मानला जातो. तो मालकावर बंधनकारक असतो.

आता यात लोकांचे कुठे अडते? पहिले म्हणजे, नोटीस तोंडी देतात. "मी त्यांना दहा वेळा सांगितलं हो!" सांगितले असेल, पण कागद कुठे आहे? नोटिशीला वकील लागतोच असे नाही. साध्या मराठीत, एका पानावर लिहा : तारीख, खोली कुठली, नुकसान काय, केव्हापासून, आणि इतक्या दिवसांत दुरुस्ती न झाल्यास कलम १४ प्रमाणे आम्ही ती करून घेऊ. सोबत फोटो जोडा. पोचपावती मिळेल अशा टपालाने पाठवा आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा. दुसरे, काम करण्याआधी गवंड्याकडून किंवा प्लंबरकडून लेखी अंदाजपत्रक घ्या, जमल्यास दोघांकडून. तिसरे, सिमेंटच्या पोत्यापासून मजुरीपर्यंत प्रत्येक पैशाची पावती ठेवा. मजूर पावती देत नाही, तर व्हाउचर लिहून त्याची सही घ्या.

चौथी गोष्ट, दुरुस्ती आणि बांधकाम यांतला फरक ओळखा. गळके छप्पर शाकारणे ही दुरुस्ती झाली. त्या निमित्ताने पोटमाळा बांधून घेणे, व्हरांडा भिंत घालून बंद करणे ही दुरुस्ती नव्हे. मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमचे बांधकाम केले तर तेच जागा खाली करून मागायचे कारण होऊ शकते. गळती थांबवायला गेलो आणि घरच गेले, असे व्हायला नको.

आता या कलमाची मर्यादा सांगतो, कारण इथेच खरी गोम आहे. एका वर्षात जास्तीत जास्त त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांश एवढीच रक्कम वळती करता येते. उदाहरण घेऊ. भाडे महिना १,२०० रुपये. वर्षाचे झाले १४,४००. त्याचा चौथा हिस्सा ३,६००. दुरुस्तीला खर्च आला ९,००० रुपये, तर पहिल्या वर्षी ३,६००, दुसऱ्या वर्षी ३,६०० आणि तिसऱ्या वर्षी उरलेले १,८००. म्हणजे आपण मालकाला तीन वर्षांचे कर्ज दिल्यासारखेच झाले! आणि भाडे महिना १०० रुपये असेल तर? वर्षाला ३०० रुपये. त्यात एक गवंडी अर्धा दिवससुद्धा येत नाही.

म्हणून मालकाचीही बाजू ऐकली पाहिजे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने कितीतरी जागांची भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली आणि ती पन्नास वर्षे तशीच राहिली. शेवटी १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले की हे आता वाजवी राहिलेले नाही. नव्या कायद्यात वर्षाला ४ टक्के वाढ दिली, पण मूळ आकडाच एवढा लहान की वाढ डोळ्यांना दिसत नाही. वाड्याचे मालक म्हणजे सगळेच गब्बर नव्हते. आमच्या वाड्याचे मालक पेन्शनर होते. सहा बिऱ्हाडांच्या भाड्यातून त्यांचा दिवाबत्तीचा खर्च जेमतेम भागत असे.

त्या वाड्यातलीच एक हकिगत सांगतो. साल १९८६. सामाईक संडासाची गटाराची नळी फुटली आणि घाण पाणी खालच्या दोन खोल्यांच्या भिंतीत मुरायला लागले. एका खोलीत तान्हे मूल होते. मालकांना सांगून महिना झाला, पण भिजत घोंगडे तसेच. जुन्या कायद्यातही भाडेकरूने दुरुस्ती करून खर्च वळता करण्याची सोय होती. मी पत्र लिहिले, सहाही बिऱ्हाडांनी सह्या केल्या आणि टपालाने पाठवले. आता वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ सही करायला तयार नव्हते. "माझ्याकडे कुठे ओल आहे?" असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या पत्नीनेच त्यांना सुनावले, "नळी आपणही वापरतो ना?" मुदत संपली, आम्ही गवंडी लावला. वर्गणी काढली ती सरसकट समान नाही, तर ज्याच्या त्याच्या भाड्याच्या प्रमाणात. दोनशे पानी वहीत हिशेब लिहिला, मागे पावत्या डकवल्या आणि वही मालकांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून एकेक पावती पाहिली आणि म्हणाले, "एवढ्यात मलाही झालं नसतं." भाडे वळते करून घ्यायला त्यांनी एका शब्दानेही हरकत घेतली नाही. पुढच्या वर्षी कौले फिरवायला ते स्वतःच माणूस घेऊन आले. भांडणापेक्षा हिशेब जास्त बोलतो, हे माझे मत तेव्हापासूनचे.

आता जे अजिबात करू नये ते सांगतो. दुरुस्ती होत नाही म्हणून भाडे देणे बंद करू नका. हा सर्वांत सोपा वाटणारा आणि सर्वांत महागात पडणारा मार्ग आहे. भाडे थकले की मालकाच्या हाती आयतेच कोलीत मिळते. तो थकबाकीची नोटीस देतो आणि ९० दिवसांत भरणा झाला नाही तर जागेच्या ताब्यासाठी दावा लावू शकतो. मूळ गळती राहते बाजूला. मालक भाडे घेत नसेल तर ते त्याच्या खात्यात जमा करा, पूर्वी आपण मनिऑर्डर करत असू. "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आलेली मनिऑर्डरही जपून ठेवण्यासारखी असते. आणि भाड्याची पावती मागा. ती देणे मालकावर बंधनकारक आहे.

दुसरी परिस्थिती म्हणजे मालक दुरुस्ती करत नाही एवढेच नाही, तर पाणी तोडतो, जिन्यातला दिवा काढून नेतो. याला कलम २९ आहे. पाणी, वीज, जिन्या-बोळातला दिवा, लिफ्ट, सफाई या अत्यावश्यक सेवा मालकाने वाजवी कारणाशिवाय तोडता कामा नयेत. भाडेकरूने न्यायालयात अर्ज केला तर त्या पूर्ववत करून देण्याचा आदेश मिळू शकतो. अशी प्रकरणे पुण्यात आणि मुंबईत लघुवाद न्यायालयात चालतात.

इमारतच धोकादायक झाली असेल तर मग १५ दिवसांची वाट बघू नका, महापालिकेला लेखी कळवा. पुण्यासारख्या शहरांत महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली आयुक्त मालकाला इमारत दुरुस्त करायला किंवा पाडायला सांगू शकतात. मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाचे दुरुस्ती मंडळ आहे, आपल्याकडे ती सोय नाही. पण सावध राहा, हे शस्त्र दुधारी आहे. काही मालकांना इमारत पडलेलीच हवी असते, म्हणजे भाडेकरू आपोआप गेले, असा त्यांचा हिशेब. तो हिशेब चुकीचा आहे. सांगलीच्या एका प्रकरणात महापालिकेने इमारत पाडली होती. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. तरीही घर सोडण्याआधी आपल्या खोलीचे मोजमाप, फोटो, भाडेपावत्या आणि वीजबिल यांची फाइल करून ठेवा. हक्क असला तरी तो कागदाशिवाय सिद्ध करता येत नाही.

आता येऊ आपल्या सोसायटीकडे. आपण फ्लॅट देतो तो लिव्ह अँड लायसन्सवर, बहुधा अकरा महिन्यांसाठी. या कराराने राहणारा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नाही. त्याला कलम १४ चा आधार नाही. त्याला आधार एकच, तो म्हणजे करारनामा. आणि आपले करारनामे कसे असतात? एजंटाने छापील नमुना आणायचा, आपण सह्या करायच्या. दुरुस्तीबद्दल एक मोघम ओळ असते, किंवा तीही नसते. मग गिझर बंद पडला की पोरगा मालकाला फोन करतो, मालक म्हणतात "एजंटला सांग", एजंट फोन उचलत नाही. शेवटी पोरगा स्वतः पैसे घालतो किंवा जागा सोडतो. सोडताना डिपॉझिट अडकते ते वेगळेच.

मी शाखाधिकारी असताना शाखेच्या जागेचे करार पाहिले आहेत. बँकांना तर या भाडे कायद्याचे संरक्षणच नाही. म्हणून रंग कुणी द्यायचा, वायरिंग कुणी बदलायचे, टेरेस गळले तर किती दिवसांत, हे सगळे करारात लिहिलेले असे. जे बँकेला जमते ते आपल्याला का जमू नये?

त्यासाठी चांगला नमुनाही तयार आहे. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा मंजूर करून राज्यांकडे पाठवला. तो आपल्याला बांधील नाही, पण त्याच्या परिशिष्टात कामांची वाटणी आहे. इमारतीच्या रचनेची दुरुस्ती, भिंती-दारांचा रंग, पाण्याचे पाइप बदलणे, वायरिंग हे मालकाकडे. नळाचे वॉशर, बटणे-सॉकेट, गटार साफ करणे, खिडकीच्या काचा, स्वयंपाकघरातल्या फिटिंगची किरकोळ दुरुस्ती हे राहणाऱ्याकडे. एवढा तक्ता करारनाम्याला जोडला आणि खाली दोन ओळी घातल्या, तर निम्मे वाद मिटतील. लेखी कळवल्यापासून किती दिवसांत काम होईल ही एक ओळ, आणि न झाल्यास किती रकमेपर्यंत राहणाऱ्याने खर्च करून पुढच्या महिन्याच्या भाड्यातून वळता करावा ही दुसरी.

शेवटचा मुद्दा थोडा टोचेल, पण बोलतो. वरच्या मजल्यावर छत गळते तेव्हा मालक म्हणतात "सोसायटीला विचारा" आणि समिती म्हणते "तुमच्या मालकांना अर्ज करू दे". या टोलवाटोलवीत राहणारा मात्र बादल्या मांडून बसतो. उपविधी स्पष्ट आहेत. टेरेसची, पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, फ्लॅटमधल्या बाथरूमची आणि सिंकची सभासदाने. मालक अमेरिकेत असला म्हणून बाथरूमचे पाणी खालच्या घरात पडायचे थांबत नाही. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून आपण सभासदांकडून बिनभोगवटा शुल्क घेतो. मग त्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याची गळतीची तक्रारसुद्धा नोंदवून घ्यायला काय हरकत आहे? ऑफिसमधल्या तक्रारवहीत एक रकाना वाढवावा आणि तो तक्ता भाडेकरारासोबत घेण्याची पद्धत पाडावी, अशी माझी समितीला विनंती आहे. याला खर्च काहीच नाही.

आपण वाड्यात असताना मालकाने जसे वागावे असे आपल्याला वाटत होते, तसे आता आपल्याला वागून दाखवता येईल.  कुणाला नोटिशीचा नमुना हवा असेल तर माझ्याकडे आहे. संध्याकाळी सहानंतर मी खाली बाकावर असतोच.