कापडी नांगर

लोखंडी नांगर तळ धरतो. परंतु जेथें तळ दोराच्या आटोक्यांत नाहीं, तेथें वाऱ्यानें लोटलेल्या मच्छिमारी होडीनें काय धरावें? पाणीच धरावें. त्यासाठीं जाड कापडाची शंक्वाकृति पिशवी असते. रुंद तोंडानें पाणी आंत शिरतें, शेंड्याच्या लहान भोकांतून थोडेंच बाहेर पडतें आणि त्या ओढीनें होडीची गति मंदावते.

पिशवी होडीच्या आकारमानाप्रमाणें निवडावी. लहान पिशवी मोठ्या होडीस आवरीत नाहीं. मासे धरतांना ती कुशीस बांधली तरी चालते. वादळांत मात्र नाळेसच बांधावी. नाळ लाटेस सामोरी राहते. आडव्या होडीस लाट उलथून टाकते. शेंड्यास दुसरी दोरी असावी; ती ओढतांच पिशवी उलटून रिती होते व सहज वर घेतां येते.

१९१६ सालीं शॅकल्टन आणि त्याचे पांच सोबती सुमारें २२ फुटी ‘जेम्स केअर्ड’ होडींतून दक्षिण महासागर ओलांडीत होते. वादळांत त्यांनीं असाच नांगर सोडला होता. एकाएकीं दोर तुटला आणि होडी लाटांस आडवी झाली. गोठलेल्या कापडावरील बर्फ झोडून त्यांनीं शीड उभारलें, तेव्हां कोठें ती सांवरली.

पिशवी कितीहि उत्तम असो, भिस्त अखेर दोरावर असते. म्हणून किनारा सोडण्यापूर्वीं तो हातानें चांचपून पाहावा.