हरावं ते डावात, बटणापायी नव्हे



व्हिडिओ गेम म्हटलं की मुलांचं वेड कसं सोडवावं, यावरच आम्ही बोलणार असं अनेकांना वाटलं असेल. आम्हाला बोलायचंय ते ज्यांना खेळायचं आहे, पण हात, डोळे किंवा कान साथ देत नाहीत, त्यांच्याबद्दल. शाळा सुटली की आजची मुलं मैदानात भेटतात तशी गेममध्येही भेटतात. तिथे ज्याला शिरता येत नाही, तो मित्रांच्या गप्पांतूनही बाहेर राहतो.

मोबाइलवरचा एखादा लढाईचा गेम घ्या. डाव्या अंगठ्यानं माणूस चालवायचा, उजव्यानं नजर फिरवायची आणि गोळीही झाडायची. दोन्ही हात धड आहेत, हे गेम करणाऱ्यानं गृहीतच धरलं. एका हातात बळ नसलेला मुलगा डाव कळण्याआधीच बाद होतो. कुठे दार उघडायला एकच बटण भराभर दाबत राहावं लागतं. संधिवाताच्या बोटांना ते झेपत नाही. कुठे पळण्यासाठी बटण दाबून धरावं लागतं. कापरा हात निसटतो. शत्रू लाल आणि मित्र हिरवा एवढाच फरक ठेवला, तर रंगांधळ्याला दोघे सारखेच. पाठीमागून येणारी पावलं फक्त आवाजानं कळत असतील, तर बहिऱ्यानं काय करायचं?

यातल्या बऱ्याच अडचणींवर इलाज आहे. बटणांच्या जागा बदलू द्याव्यात. दाबून धरण्याऐवजी एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद, अशी सोय द्यावी. रंगासोबत आकाराची खूण द्यावी, अक्षरं मोठी करता यावीत. 2018 च्या 'सेलेस्ट' या अतिशय अवघड गेममध्ये खेळाचा वेग कमी करता येतो. 2020 च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'मध्ये अशा 60 हून अधिक सोयी दिल्या, आणि अंध खेळाडूंनीही तो गेम पूर्ण केला. मायक्रोसॉफ्टनं 2018 मध्ये एक खास कंट्रोलर काढला. त्यावर दोन मोठी बटणं आणि मागे 19 खाचा आहेत; पायानं, कोपरानं, हनुवटीनं दाबायची बटणं त्यांना जोडता येतात. असं यंत्र प्रत्येक घराला परवडेल असं नाही. पण गेममध्येच सोय दिली, तर खेळणाऱ्याला वेगळा खर्च पडत नाही.

मग सगळे गेम असे का नाहीत? आम्ही सरकारी नोकरीत इमारतींची कामं पाहणारी माणसं. व्हीलचेअरच्या उताराचं प्रमाण असं, की एक फूट चढायला बारा फूट लांबी हवी. नकाशातच तो धरला तर सहज बसतो. पायऱ्या बांधून झाल्यावर आठवण आली, तर बारा फूट जागा आणायची कुठून? गेमचंही तेच होतं. शेवटी आठवलेली सोय अर्धवट राहते, नाहीतर राहूनच जाते.

काही तरुण म्हणतात, सोयी दिल्या की खेळ सोपा होतो, मजा जाते. अंध खेळाडूंचा बुद्धिबळपट पाहा. काळी घरं जरा उंच असतात, मोहऱ्यांना खाली खुंटी असते आणि घरांना भोकं, म्हणजे चाचपताना मोहरा पडत नाही. म्हणून वजिराची चाल बदलत नाही आणि समोरचा मातही सोपी देत नाही. खेळाडूनं हरावं ते डावात हरावं, बटणापायी नव्हे.

मंडळाला आमची एकच विनंती आहे. मुलांसाठी मोबाइल गेमची स्पर्धा ठेवाल, तेव्हा सुरुवातीची पाच मिनिटं प्रत्येकाला आपल्या सोयीप्रमाणे सेटिंग लावायला द्या. फोन हातात धरता येत नसेल, तर टेबलावर स्टँडला लावू द्या. ही मुभा नियमांच्या कागदावर आधीच छापा, म्हणजे कोणत्याही आईला ती मागायला संयोजकांकडे यावं लागणार नाही. आणि नातवंडांनो, आज घरी गेल्यावर आजोबांच्या हाती फोन द्या, आधी अक्षरं मोठी करा, आणि मग खेळा एक डाव.

गणपती बाप्पा मोरया!