तपासणीची पावती



ज्याच्यापाशी ऑप्टोमेट्रीची चार वर्षांची पदवी आहे, परंतु चष्म्याचे दुकान थाटण्याइतके भांडवल नाही, अशा तरुणास नोकरीचा भरवसा कितपत, हा आजचा विषय. नेत्रवैद्य आणि ऑप्टोमेट्रिस्ट यांतील भेद या सभागृहास समजावणे हा कालापव्यय होईल.

नोकऱ्या आहेत. मदुराईचे अरविंद, हैदराबादची एल. व्ही. प्रसाद संस्था अशी मोठी रुग्णालये आहेत, सरकारी खात्यात ‘नेत्र चिकित्सा अधिकारी’ ही जागा आहे, आणि साखळी दुकानांच्या शाखा तर गल्लोगल्ली निघत आहेत. मग मुशाहिरा तुटपुंजा का? माझ्या मते त्याचे मूळ ‘डोळे मोफत तपासून मिळतील’ या पाटीत आहे. कारण तपासणी जेथे फुकट, तेथे तपासणाऱ्याचा पगार फ्रेमच्या नफ्यातून निघतो, आणि मालक त्याला विक्रेताच समजतो. (हशा) पुढच्या रांगेतील चष्मेवाले बंधू हसले नाहीत. आपल्यावर माझा रोख नाही. दुकानभाडे मलाही ठाऊक आहे.

एक हकीकत सांगतो, दोन वाक्यांत. माझी एक विद्यार्थिनी अशाच दुकानात नोकरीस असता एक शाळकरी मुलगा आला. यंत्राने उणे दीडचा नंबर छापून दिला आणि आई फ्रेम पाहू लागली. आमच्या ऑप्टोमेट्रिस्ट बाईंनी रेटिनोस्कोप उचलला, मुलाला दूरच्या मोठ्या अक्षराकडे पाहावयास लावले आणि सुमारे दीड हाताच्या अंतरावरून प्रकाशाची उभी पट्टी त्याच्या बाहुलीवरून फिरविली. नंबर खरा असता तर त्या अंतरावरून बाहुली एकदम उजळून निघाली असती. येथे तांबूस झाक कधी पट्टीबरोबर सरके, कधी जागीच थबके. डोळ्याच्या आतील स्नायू आखडून हा खोटा नंबर निघाला असावा, हे ताडून बाईंनी ‘नेत्रवैद्याकडून थेंब घालून पुन्हा तपासावे’ अशी चिठ्ठी दिली. चष्मा विकला गेला नाही. सायंकाळी व्यवस्थापकाने विचारले, “आज तुमच्या नावावर फ्रेम किती?” (दोन वाक्ये केव्हाच संपली, हे मान्य.)

बाई आता एका रुग्णालयाच्या बालनेत्र विभागात आहेत.

(एक श्रोता : पगार वाढला का?)

प्रारंभी नाही वाढला, महाशय! पण तेथे तपासणीचे शुल्क निराळे घेतात, म्हणून फ्रेमचा हिशेब त्यांना कोणी विचारीत नाही. संलग्न आरोग्य व्यवसायांविषयीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याने ऑप्टोमेट्रिस्टांच्या नोंदणीची तरतूद केली, हे उत्तमच झाले. तथापि नोंदणीने मान मिळेल, मेहनताना नव्हे. मुलाखतीस जाणाऱ्याने पगाराआधी ‘आपल्याकडे तपासणीची पावती फाडतात काय?’ एवढे विचारावे.

वेळ संपल्याची अध्यक्षांची चिठ्ठी आली. मंददृष्टी आणि कॉन्टॅक्ट लेन्स यांतील विशेष व्यासंग, हे सारेच राहिले. दुबईस जाऊ इच्छिणाऱ्यांना तेथील परवान्याच्या परीक्षेविषयी विचारावयाचे असल्यास त्यांनी बाहेर चहापाशी भेटावे.