बिनचुलीचे तीन दिवस



या व्यासपीठावरून मोठमोठे विषय ऐकण्याची आपल्याला सवय आहे. मी सातवीपर्यंत शिकलेला, युनियनचा माणूस. मी आज फुटाण्यांविषयी बोलणार आहे.

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले आणि पाठोपाठ खडकवासल्याचे. नारायण, शनिवार, कसबा या पेठांत नदी शिरली. पुढे घरात चिखल आणि नळ कोरडा, अशी अवस्था झाली. कारण ज्या खडकवासल्यातून शहराला पाणी येई तेच फुटले होते. भिजल्या लाकडांवर काय शिजणार? घरात धान्याची कोठी असूनही माणूस उपाशी राहू शकतो, तो असा. आता गॅस आला, विजेची शेगडी आली. पण तळमजल्यात पाणी शिरले की सिलिंडर तरंगतो आणि वीज तोडावी लागते. २५ जुलै २०२४ ला एकतानगरीत पाणी शिरले, ते काही जुन्या काळी नव्हे.

तेव्हा तीन दिवसांचा, न शिजवता खाण्याचा डबा प्रत्येक घरी हवा. हिशेब सोपा आहे. माणशी रोज पाव किलो पातळ पोहे किंवा सातूचे पीठ, शंभर ग्रॅम फुटाणे, पाऊणशे ग्रॅम शेंगदाणे आणि तितकाच गूळ. एकूण अर्धा किलो, आणि त्यात सुमारे दोन हजार कॅलरी. पाच माणसांना तीन दिवसांचे साडेसात किलो झाले. सोबत लिंबाचे लोणचे, मीठ, चार कांदे. कांद्यालिंबाच्या रसात पोहे दडपले की चुलीची आठवणही होत नाही! पाणी मात्र माणशी रोज तीन लिटर धरा. म्हणजे पंचेचाळीस लिटर. ते जड आहे, पण त्यावाचून सातूही कालवता येत नाही.

ज्या म्हाताऱ्यांना दात नाहीत त्यांना सातू द्यावा. मधुमेह असेल त्याने गूळ सोडून ताकमीठ घालावे. ताक नसेल तर नुसते पाणी आणि मीठ. तान्ह्या मुलाला आईचेच दूध. गढूळ पाण्यात दुधाची पावडर कालवणे म्हणजे आजार घरी आणणे.

आता कोणी म्हणेल, हातावर पोट असणाऱ्याने साडेसात किलो कोठून आणावे? प्रश्न खरा आहे. नदीकाठच्या वस्तीत डबा ठेवायला माळाही नसतो. तेथे दर पगाराला पाव किलो घ्यावे आणि पाच-सहा घरांनी मिळून उंचावरच्या एका घरी ठेवावे. आणि सरकारला माझे सांगणे असे, की पूरग्रस्ताला गहू-तांदूळ जरूर द्या, पण ते चौथ्या दिवशी! पहिले तीन दिवस फुटाणे आणि गूळ द्या. चूल वाहून गेलेल्या बाईच्या हातात गहू ठेवणे ही मदत नव्हे. तो कागदावरचा हिशेब झाला.

शेंगदाणे कच्चेच ठेवा. भाजलेले लवकर खवट होतात. डबा घट्ट झाकणाचा असावा आणि ओट्याखाली नको, उंच फळीवर हवा. अक्षय्यतृतीयेला भरलेला डबा गणपतीत रिकामा करून खाऊन टाका आणि पुन्हा भरा. गणपती गेले म्हणजे पाऊस गेला असे समजू नका. आंबील ओढा २०१९ साली २५ सप्टेंबरच्या रात्री फुगला, तेव्हा पितृपंधरवडा चालू होता.