पाण्याखालचे रान आणि सातबारावरचे रान



आज आम्ही एका बुडालेल्या गावाबद्दल बोलणार आहोत. कोणी म्हणेल, आमच्या कपाशीला पाणी नाही, ज्वारी माना टाकते, आणि तुम्ही बुडण्याच्या गोष्टी कसल्या सांगता? पण ज्या गावाची ही गोष्ट, तेही आपल्यासारखेच ज्वारीचे गाव होते.

पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, भीमेच्या काठावर पळसदेव आहे. उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले. जुने गाव पाण्यात गेले, नवे गाव दूर वसले. मागे राहिले पळसनाथाचे दगडी देऊळ. दुष्काळात पाणी ओसरले की ते उघडे पडते. २०२४ च्या उन्हाळ्यात असेच झाले. शहरातली माणसे फोटो काढायला लोटली. आम्हीही गेलो होतो. तिथे एक म्हातारबाबा देवळाकडे पाठ करून उभे होते. गाळाकडे बोट दाखवून म्हणाले, "देऊळ काय बघता? माझं रान हितं होतं. थेंबभर पाणी न देता घरभर जोंधळा यायचा."

आम्ही शेतकी कॉलेजात शिकलेली माणसे. बाबांचे म्हणणे आम्हाला पटले. नदीकाठची खोल काळी जमीन परतीच्या पावसाचे पाणी पोटात धरून ठेवते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेला शाळू त्या ओलीवरच कणसाला येतो. धान्य घरात, कडबा गोठ्यात. पण विहीर नाही, पाट नाही, म्हणून अशा रानापुढे सातबारावर शब्द पडतो 'जिरायत'. पाणी कुठून देता हे कागद विचारतो. पीक किती येते हे विचारत नाही. आणि मोबदला ठरतो तो कागद बघूनच.

नदीच्या वाळूत उन्हाळ्यात टरबूज-काकडीच्या वाड्या होतात. वाळूचा सातबारा कोणाच्या नावावर असतो? मासे धरणारे, वाटेकरी, सालगडी, शेळ्यामागे फिरणाऱ्या बाया, यांच्या नावावर काहीच नसते. म्हणून सरकारी हिशेबात यांचे काही बुडतही नाही!

आता पाण्याचा हिशेब बघा. उजनीत सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. त्यातले सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा. म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी मृतसाठ्यातच मोडते. त्याखालीही कोणाचे तरी शाळूचे रान आहे. दोन काठांवरच्या सोयरिकी तर आता होडीने चालतात. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळात उलटली आणि सहा जण बुडाले.

भावांनो, आम्ही धरणाचे वैरी नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला पाणी हवेच, आणि ते मागायला आपणच पुढे असतो. उजनीने सोलापूरची तहान भागवली, माळावर ऊस उभा केला, हेही खरे. आमचे म्हणणे एवढेच की ज्याने रान दिले त्याचे रान पुरते मोजले गेले पाहिजे. उद्या आपल्याही नदीवर, नाल्यावर, तलावासाठी नाहीतर रस्त्यासाठी मोजणीची साखळी येईल. तेव्हा आपण काय दाखवणार?

१८९४ चा भूसंपादन कायदा गेला. २०१३ चा नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात ज्यांचे पोट मुख्यतः त्या जमिनीवर आहे अशा वाटेकऱ्याला आणि शेतमजुरालाही बाधित कुटुंब धरले आहे. पण आधीची तीन वर्षे ते तिथे राबत होते हे दाखवावे लागते. तोंडी आठवण तिथे चालत नाही.

म्हणून चार कामे आजपासून करायची. ई-पीक पाहणी दर हंगामाला स्वतः भरा. कपाशीतली तूर, धुऱ्यावरचे तीळ, काही सोडू नका. विहीर, बोअर, आंबा, बाभूळ, गोठा, सगळ्यांची नोंद करून घ्या. घरावर आणि शेतावर घरधनिणीचे नाव लावा. आणि गावातल्या वाटेकऱ्यांची, भूमिहीनांची यादी ग्रामसभेत वाचून ठरावाच्या वहीत चढवा, दरवर्षी. काम कंटाळवाणे आहे. तलाठ्याकडे चार खेटे पडतील. पण म्हातारबाबांसारखे गाळाकडे बोट दाखवत उभे राहण्यापेक्षा हे खेटे स्वस्त.

पळसनाथाचे देऊळ दगडाचे, म्हणून दुष्काळात वर येते. कागदावर न चढलेले रान एकदा बुडाले की कोणत्याच साली वर येत नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपली यादी सोबत आणावी. यादी नसेल त्या गावाने का नाही ते इथे उभे राहून सांगावे.